योसेफाचा संयम आणि कायद्याची घाई

नाताळ हा कुटुंबाचा सण मानला जातो; परंतु ज्या घटनेचे स्मरण म्हणून तो साजरा होतो, ती घटना एका सुखी, स्थिरावलेल्या घराची नसून मोडण्याच्या बेतात आलेल्या घराची आहे, हे सणाच्या रोषणाईत सहसा नजरेआड होते. येशूच्या जन्माची हकिगत मत्तय आणि लूक या दोन शुभवर्तमानांत, म्हणजे ख्रिस्तचरित्र सांगणाऱ्या चार ग्रंथांपैकी दोहोंत, आली आहे. लूकच्या कथनात रोमचा सम्राट औगुस्त नावनिशीवार नोंदणीचा हुकूम काढतो, आणि योसेफाला गरोदर मरीयेसह नाझरेथहून बेथलेहेमला जावे लागते. या नोंदणीच्या नेमक्या काळाविषयी इतिहासकारांत मतभेद असले, तरी लूकला सांगायचे आहे ते स्पष्ट आहे, ते असे की सत्तेच्या वहीत नाव लागावे म्हणून एका गरीब कुटुंबाची फरफट झाली. मत्तयच्या कथनात संकट घराच्या आतलेच आहे. मरीयेची मागणी योसेफाशी झालेली आहे, ती गरोदर आहे, आणि मूल आपले नाही हे योसेफाला ठाऊक आहे.

मत्तयच्या या प्रसंगाकडे ख्रिस्ती प्रवचनांत बहुधा चमत्काराच्या अंगाने पाहिले जाते. त्याच्या सामाजिक अंगाकडे मात्र तितकेसे लक्ष जात नाही. मोशेच्या नियमशास्त्राने, म्हणजे यहुदी समाजाच्या धर्मकायद्याने, अशा वेळी वाग्दत्त वधूविरुद्ध उघड तक्रार करण्याची मुभा दिली होती आणि शिक्षा कठोर होती. योसेफ नीतिमान होता, असे मत्तय म्हणतो, आणि त्याच्या नीतिमत्तेचा पुरावा म्हणून कायद्याचे काटेकोर पालन सांगत नाही, तर हाताशी असलेला कायदा न वापरण्याचा त्याचा निर्णय सांगतो. मरीयेची बेअब्रू होऊ नये म्हणून तो गुपचूप दूर होण्याचे मनात आणतो, त्यावर विचार करीत राहतो, आणि पुढे स्वप्नातील संदेशानंतर तिचा स्वीकार करतो. जे आपल्याला समजलेले नाही त्यावर लगेच पंचायत न बसवता त्याने स्वतःला आणि नात्याला अवधी दिला, आणि त्या अवधीतच पुढची सारी कथा शक्य झाली. घरातील एखाद्या माणसाची श्रद्धा बदलते तेव्हा कुटुंबाने, समाजाने आणि राज्याने कसे वागावे, या प्रश्नाचे उत्तर नाताळच्या कथेत या ठिकाणी सापडते. आज आशियातील अनेक देशांत, आणि भारतातील अनेक राज्यांत, कायदा नेमक्या उलट दिशेने चालला आहे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

हा प्रश्न महानगरांतील वादविवादापुरता राहिलेला नाही, हे समजण्यासाठी नागपूर जिल्ह्यातील कुही तालुक्यासारखा ग्रामीण प्रदेश नजरेसमोर ठेवणे उपयुक्त ठरते. याच तालुक्यातील अडम येथे पुरातत्त्व खात्याने केलेल्या उत्खननात सातवाहनकालीन नगराचे आणि बौद्ध स्तूपाचे अवशेष मिळाले. वैनगंगेच्या काठी आंभोऱ्याला चैतन्येश्वराचे मंदिर आहे, हरिनाथांची समाधी आहे, आणि मुकुंदराजांनी शके १११० मध्ये ‘विवेकसिंधु’ येथेच रचला अशी विदर्भातील परंपरा आहे. तात्पर्य, या मातीत श्रद्धा बदलत आल्या, शेजारी-शेजारी नांदल्या, आणि माणसांनी आपापल्या विवेकाने त्या स्वीकारल्या वा सोडल्या. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १०.८० लाख, म्हणजे एक टक्क्याहूनही किंचित कमी, होती. अशा राज्यात, मुंबई-वसईपासून दूरच्या तालुक्यात, एखाद्या घरातील एकाच व्यक्तीची श्रद्धा बदलली, तर तिच्या पाठीशी मोठी जमात नसते. तिला आधार असतो तो घराचा, किंवा तो मुळीच नसतो.

राज्याच्या वहीत कुटुंब कसे दिसते, याचा अनुभवही या तालुक्याला जवळून आहे. वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली, आणि पुढच्या दशकांत कुही, भिवापूर आणि पवनी या तालुक्यांतील अनेक गावे बुडीत क्षेत्रात गेली. पुनर्वसनाच्या यादीत कुटुंब म्हणजे काय हे ठरवावेच लागते: एका छपराखाली, एका चुलीवर राहणाऱ्या घरातील सज्ञान मुलगा स्वतंत्र धरायचा की नाही, ‘वाढीव कुटुंब’ म्हणून त्याला वेगळा भूखंड मिळणार की नाही, हे रकाने भरल्याशिवाय नवे गावठाण वसत नाही. राज्याला अशी नोंद लागते आणि ती आवश्यकही असते. परंतु यादीतील कुटुंब आणि प्रत्यक्षातील घर यांत जे अंतर उरते, ते बुडीत गावांतील माणसांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. जमिनीच्या मोबदल्यासाठी घराची मोजणी करणे वेगळे, आणि त्या घरातील माणसाच्या अंतःकरणाची नोंद मागणे वेगळे. पहिले राज्याचे काम आहे, दुसरे नाही.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती इतिहास प्रामाणिकपणे पाहिला, तर कुटुंबावर घाव घालण्याचे पाप केवळ राज्यकर्त्यांच्या किंवा सनातन्यांच्या पदरी टाकता येत नाही. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीत रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ख्रिस्तजन्माची कथा मराठी मनाला त्याच्याच वळणाने सांगितली गेली, हा या इतिहासाचा उजळ भाग आहे. पण त्याच गोव्यात १५५९ मध्ये हिंदूंच्या पोरक्या मुलांना नातेवाइकांकडून काढून धर्मसंस्थेच्या हवाली करण्याचा राजाज्ञेने घालून दिलेला दंडक होता, आणि १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला थोडा खंड वगळता, धर्मसमीक्षण सभा, म्हणजे पाखंडाचा तपास करून शिक्षा देणारे चर्चचे न्यायासन, तेथे चालू होते. आजी-आजोबांच्या मांडीवरून मूल उचलून नेणारी सत्ता क्रूस हाती धरून आली होती, ही गोष्ट ख्रिस्ती लेखकांनी सर्वांत आधी आणि सर्वांत स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण ज्याच्या जन्माचा सण साजरा होतो त्याच्यासाठीही एका राजाच्या भयाने आईबापांना मिसर देशात पळावे लागले होते.

एकोणिसाव्या शतकात हा संघर्ष न्यायालयात पोहोचला. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला, म्हणजे पाण्याने होणाऱ्या दीक्षाविधीने ते ख्रिस्ती झाले, आणि त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहू लागला. वडिलांनी दाद मागितली आणि न्यायालयाने मुलाचा ताबा वडिलांकडे दिला. मुलगा अजाण असल्याने हा निर्णय योग्यच होता. परंतु खरी परीक्षा त्यानंतर आली, कारण मिशनऱ्यांकडे राहून आलेल्या मुलाला त्याच्याच जातीने परत घ्यावे की नाही यावर मोठा वाद माजला, आणि बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांचा विरोध पत्करून प्रायश्चित्ताने त्याला सामावून घेण्याचा पक्ष लढवला. न्यायालय मुलाला बापाच्या दारापर्यंत आणून सोडू शकले. दार उघडायचे की नाही हे समाजाला ठरवावे लागले, आणि ते उघडावे म्हणून झटणारा माणूस ख्रिस्ती नव्हता, तर मराठी पत्रकारितेचा जनक होता.

ब्रिटिश सत्तेने यानंतर दोन महत्त्वाचे कायदे केले. १८५० च्या कायद्याने धर्मांतर केलेल्या माणसाचा वारसाहक्क अबाधित राखला. १८६६ च्या कायद्याने, धर्मांतरामुळे पती वा पत्नीने साथ सोडली असल्यास विवाहविच्छेदाची वाट मोकळी केली. या दुसऱ्या कायद्यातील एक तरतूद मननीय आहे: जोडीदाराने एकत्र राहण्यास नकार दिला तरी न्यायाधीशाने लगेच निकाल न देता प्रकरण वर्षभर तहकूब ठेवायचे आणि वर्षानंतर पुन्हा विचारायचे. परक्या सत्तेच्या कायद्यालाही एवढे उमजले होते की धक्क्याच्या पहिल्या दिवसांत माणूस जे बोलतो ते त्याचे अखेरचे बोलणे नसते.

या जाणिवेचे मराठीतील सर्वांत मोठे उदाहरण टिळक दांपत्याचे आहे, आणि त्याचा एक धागा नागपुराशी जुळलेला आहे. नारायण वामन टिळक काही काळ नागपुरात होते. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका परदेशी मिशनऱ्याशी त्यांची गाठ पडली, आणि त्याने दिलेल्या बायबलच्या प्रतीपासून त्यांच्या मनाचा जो प्रवास सुरू झाला, त्याची परिणती १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेण्यात झाली. पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. आप्तांनी त्यांना सांभाळले, मुलासह त्या माहेरच्या माणसांच्या आधाराने राहिल्या, आणि सुमारे पाच वर्षे हे घर दुभंगलेले होते. १८६६ चा कायदा टिळकांच्या हाताशी होता. त्यांनी विवाहविच्छेद केला नाही आणि दुसरा संसार मांडला नाही. लक्ष्मीबाईंनीही नात्याची दोरी तोडली नाही. पुढे त्या पतीकडे परतल्या त्या ख्रिस्ती होऊन नव्हे, तर आपले सोवळेओवळे सांभाळत. त्यांच्या जेवणाची आणि पाण्याची व्यवस्था घरात वेगळी राहिली, आणि पतीने ती राहू दिली. जातिभेद ईश्वराने निर्मिला नाही, हा विचार त्यांच्या स्वतःच्या मनात उगवला तेव्हा त्यांनी तो भेद टाकला, आणि १९०० मध्ये स्वेच्छेने बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ हे मराठी गद्याचे अलौकिक लेणे या घरातून आले, आणि टिळकांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या मृत्यूनंतर लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेले.

या घटनाक्रमाकडे आजच्या कायद्याच्या चष्म्यातून पाहिले, तर लक्ष्मीबाईंच्या आप्तांपैकी कोणीही पहिल्याच आठवड्यात पोलीस ठाण्यात जाऊन, बायबल देणे म्हणजे आमिष आहे, असा गुन्हा दाखल करू शकला असता. उत्तर प्रदेशाच्या २०२१ च्या धर्मांतरविरोधी कायद्याने आईवडील, भाऊ, बहीण किंवा रक्ताने, विवाहाने वा दत्तकाने नातेवाईक असलेल्या कोणालाही तक्रारदार होण्याचा अधिकार दिला; २०२४ च्या दुरुस्तीने तर कोणत्याही व्यक्तीला तो मिळाला, आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत वाढली. धर्मांतर करू इच्छिणाऱ्याने साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्याला कळवायचे, आणि धर्मांतर बेकायदा नव्हते हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर, अशी त्याची रचना आहे. मध्य प्रदेशाचा २०२१ चा कायदाही याच वळणाचा आहे. महाराष्ट्रातही फेब्रुवारी २०२५ मध्ये शासनाने अशा कायद्याच्या अभ्यासासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ज्या नागपुरात बहुतेक वर्षी नाताळाच्या आसपासच्या दिवसांत विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते, त्या शहराने या प्रश्नाचा इतिहास महाराष्ट्राच्या इतर कोणत्याही शहरापेक्षा जवळून पाहिला आहे.

नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी असताना, १९५४ मध्ये, ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याच्या चौकशीसाठी नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९५६ मध्ये तिचा अहवाल आला. शाळा, दवाखाने आणि परदेशी पैसा यांच्या बळावर गरिबांची धर्मांतरे होतात, असा त्याचा रोख होता. त्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि त्या सोहळ्यात धम्म स्वीकारणाऱ्यांत स्वतः न्या. नियोगीही होते. धर्मांतराच्या गैरप्रकारांविषयी सर्वाधिक साशंक असलेला माणूसही, धर्म बदलण्याचा विवेकाचा अधिकार स्वतःसाठी गृहीत धरून चालला होता, हे या शहराच्या इतिहासाने नोंदवून ठेवले आहे. दीक्षेसाठी तेव्हा कोणाला साठ दिवसांची नोटीस द्यावी लागली नव्हती. तशी लागली असती आणि प्रत्येक दीक्षार्थ्याच्या गावातील कोणालाही आक्षेप घेता आला असता, तर त्या दिवशी दीक्षाभूमीवर किती माणसे पोहोचू शकली असती, याचा विचार कायदा करू इच्छिणाऱ्यांनी अवश्य करावा.

विरुद्ध पक्षाचे म्हणणे दुर्लक्षिण्याजोगे नाही. फसवून, धमकावून वा भुकेचा फायदा घेऊन माणसाला ओढणे हा श्रद्धेचाच अपमान आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या रेव्ह. स्टेनिस्लॉस खटल्यात, धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही, असे सांगून मध्य प्रदेश व ओडिशाचे त्या वेळचे कायदे वैध ठरवले. मात्र जबरदस्ती रोखणे आणि माणसाला आपल्या अंतरीच्या निर्णयाची सरकारदरबारी आगाऊ वर्दी द्यायला लावणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हाच फरक ओळखून पूर्वसूचनेची तरतूद रद्द केली, कारण आपली श्रद्धा स्वतःपाशी ठेवण्याचाही माणसाला हक्क आहे. धमकी, फसवणूक, अपहरण यांसाठी सर्वसाधारण फौजदारी कायदा आहेच. विशेष कायदा त्यात जी भर घालतो ती नातलगाला फिर्यादी बनवण्याची, आणि ही भर घर वाचवत नाही, घर मोडते. एकदा भावाने बहिणीविरुद्ध किंवा सासऱ्याने जावयाविरुद्ध गुन्हा नोंदवला, तारखा सुरू झाल्या, की लक्ष्मीबाईंना मिळाली तशी पाच वर्षे कोणालाच मिळत नाहीत.

आशियाच्या इतर भागांकडे पाहिले की हा धोका कोण्या एका धर्माचा वा एका विचारसरणीचा नाही, हे ध्यानात येते. मलेशियात लीना जॉय या स्त्रीने इस्लाम सोडून ख्रिस्ती धर्म स्वीकारला, परंतु ओळखपत्रावरील धर्माची नोंद बदलण्यास तेथील सर्वोच्च न्यायालयाने ३० मे २००७ रोजी बहुमताने नकार दिला. नोंद बदलली नाही म्हणून तिला ख्रिस्ती वराशी कायदेशीर विवाहही करता आला नाही. त्याच देशात इंदिरा गांधी नावाच्या हिंदू मातेच्या तीन मुलांचे धर्मांतर, मुस्लिम झालेल्या पतीने २००९ मध्ये तिच्या संमतीवाचून करून टाकले आणि तान्ही मुलगी सोबत नेली. २९ जानेवारी २०१८ रोजी न्यायालयाने ते धर्मांतर अवैध ठरवून दोन्ही पालकांची संमती आवश्यक मानली, तरी मुलगी मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षे आईच्या हाती लागली नाही. एका प्रकरणात ख्रिस्ती स्त्री, दुसऱ्यात हिंदू स्त्री. दोन्ही ठिकाणी धर्माच्या सरकारी नोंदीने संसाराचा निकाल लावला.

चीनमध्ये राज्य आईबाप आणि मूल यांच्या मधोमध उभे आहे. फेब्रुवारी २०१८ पासून लागू झालेल्या धर्मविषयक नियमांनंतर अनेक प्रांतांत अठरा वर्षांखालील मुलांना उपासनेपासून आणि रविवारच्या धर्मशिक्षणापासून दूर ठेवले जाऊ लागले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, ऐन नाताळच्या तोंडावर, चेंगडू येथील अनोंदणीकृत मंडळीवर, म्हणजे सरकारी परवानगीविना भरणाऱ्या उपासकसमूहावर, छापा पडला आणि तिचे पाळक वांग यी यांना पुढे नऊ वर्षांची शिक्षा झाली. व्हॅटिकनने बिशपांच्या नेमणुकीविषयी चीनशी २०१८ मध्ये केलेला हंगामी करार २०२४ मध्ये चार वर्षांसाठी वाढवला गेला. त्याने वरच्या पातळीवरील तिढा काहीसा सैल झाला असेल, परंतु घरात मुलाला प्रार्थना शिकवणाऱ्या आईची भीती त्याने दूर केलेली नाही. भारतात मणिपुरात ३ मे २०२३ पासून उसळलेल्या हिंसाचारात, मूळ वाद जमीन, जमात आणि आरक्षण यांचा असतानाही, मंदिरे आणि चर्चे दोन्ही जळाली आणि सुमारे साठ हजार माणसे बेघर झाली. आणि खुद्द बेथलेहेममध्ये, गाझातील युद्धामुळे, २०२३ व २०२४ या दोन्ही वर्षी नाताळचा सार्वजनिक उत्सव झाला नाही. २०२३ मध्ये तेथील एका ल्यूथरन चर्चने येशूची बाळमूर्ती गव्हाणीऐवजी ढिगाऱ्यात ठेवली होती.

अशा काळात ख्रिस्ती मंडळींनी केवळ राज्याकडे बोट दाखवून भागणार नाही. माझ्यामुळे बाप-लेकांत, सासू-सुनेत फूट पडेल, अशा आशयाचे येशूचे कठोर उद्गार मत्तयच्या शुभवर्तमानात आहेत, आणि काही उत्साही प्रचारकांनी त्यांचा अर्थ घर सोडणे हीच श्रद्धेची कसोटी असा लावून नवख्या माणसांना आप्तांपासून तोडले आहे. येशू तेथे श्रद्धेची किंमत सांगतो. ती किंमत दुसऱ्याच्या आईकडून वसूल करण्याची परवानगी देत नाही. मरणाच्या घटकेला क्रूसावरून आपल्या आईची सोय लावणारा पुत्र, नवदीक्षिताने म्हाताऱ्या आईकडे पाठ फिरवावी, असे शिकवू शकत नाही. पूर्वीच्या मिशनच्या आवारांनी धर्मांतरितांना आसरा दिला, परंतु गावापासून वेगळेही पाडले. त्याची भरपाई गावाशी पुन्हा जोडून घेऊनच होऊ शकते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच सहा वेगवेगळ्या मंडळ्यांनी आपले जुने भेद बाजूला ठेवून उत्तर भारतीय चर्चची, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, स्थापना केली होती. पंथापंथांतील भिंती उतरवण्याचे जे शहाणपण तेव्हा दाखवले गेले, ते आता घराघरांतील भिंतींबाबत दाखवण्याची वेळ आहे.

हे शहाणपण मराठी ख्रिस्ती घराला परके नाही. त्याच्या नाताळात करंज्या, चकल्या आणि शंकरपाळे असतात, दारात कागदी तारा लागतो, भजनात टाळ-पेटी असते, आणि फराळाचे ताट शेजारी जाते तेव्हा ते हिंदू, बौद्ध वा मुसलमान घर कोणते हे पाहून थांबत नाही. विदर्भात, जेथे १९५६ नंतर एकाच गोतावळ्यात अनेक श्रद्धा नांदू लागल्या, तेथे लग्नकार्यात, मयतीत आणि धान कापणीत माणसे एकत्र येतातच. कोणत्याही कायद्याने ही देवाणघेवाण निर्माण केलेली नाही. पण तक्रारीचा अधिकार सर्वांच्या हाती देणारा कायदा ती नासवू मात्र शकतो, कारण मग शेजाऱ्याच्या फराळाकडेही आमिष म्हणून पाहण्याची सवय लागते.

म्हणून मागणी साधी आहे आणि ती सर्व धर्मांच्या बाजूने आहे. राज्याने बळजबरी, फसवणूक आणि अजाण मुलांची पळवापळवी यांना कडक शासन करावे, परंतु सज्ञान माणसाच्या श्रद्धेची आगाऊ नोटीस मागू नये, नात्यातील दुखण्याला फौजदारी गुन्ह्याचे रूप देऊ नये, आणि सिद्धतेचा भार आरोपीवर टाकू नये. कुटुंबाने आपल्या वेगळे वळण घेतलेल्या माणसाला जेवणाच्या पंगतीतून उठवू नये, आणि त्या माणसानेही आपल्या नव्या श्रद्धेची पहिली साक्ष आईबापांच्या सेवेने द्यावी. ख्रिस्ती मंडळींनी बाप्तिस्म्याची घाई करू नये. ज्याच्या घरात अजून दुःख ताजे आहे त्याला थांबायला सांगण्याचे धैर्य दाखवावे. मत्तयने ज्याला नीतिमान म्हटले त्या सुताराला सारे समजले होते असे नाही. कळण्याआधी कोणाचे वाटोळे करायचे नाही, एवढे त्याला पक्के ठाऊक होते, आणि आशियातील कायदेमंडळांनी, धर्मसंस्थांनी आणि घराघरांनी आज त्याच्याकडून नेमके एवढेच शिकण्याची गरज आहे.